वाकड्या मानेची फुलदाणी

मावशी मातीची भांडी घडवते, काका चित्रं रंगवतात, स्टुडिओ एकच. नियम असा, की वाकडं भांडं काकांचे ब्रश धुवायला जातं. पण स्टुडिओच्या प्रदर्शनात मी माझी पहिलीवहिली फुलदाणी हट्टानं मांडली. “मान वाकडी, पण ऐट बघ!” मी म्हणाले. “ऐट राहू दे, पाणी गळलं तर उचलायची,” मावशीनं बजावलं. मी पाणी भरलंच नाही! पाहुणे दारात आले आणि काकांना चित्रातलं आभाळ फिकट वाटलं. त्यांनी घाईनं निळा रंग फासला, हाताशी आलेल्या भांड्यात पाणी ओतलं आणि ब्रश खळखळ धुतला. “काका, माझी फुलदाणी!” मी किंचाळले. “अगं, वाकडी दिसली म्हणून...” काका ओशाळले. पाहुण्यांचं भाषण संपल्यावर मी फुलदाणी उचलली. खालचं कापड कोरडं ठणठणीत! “काका,” मी मावशीकडे बघत ओरडले, “आता लाल ब्रशही धुवा!”