बापाचं वावर

"घाल नांगर," किशोर म्हणाला.

ट्रॅक्टरवाल्या गोपालनं समोरच्या कमरेएवढ्या नेपिअर गवताकडे पाहिलं. "भाऊ, दुभत्या ढोरायचा चारा हाये हा. उभ्यात घालू?"

"वावर माह्या बापाचं हाये का तुह्या?"

गोपालनं नांगर टेकवला.

किशोरचं डोकं अकोल्याहून निघतानाच तापलेलं होतं. बाजूच्या वावरवाल्या देवानंदकाकाचा फोन जठारपेठेतल्या घरी आठवडाभर वाजत होता. "तुह्या बहिणीनं म्हशी बांधल्या, आता वावरात गवत लावलं. कपाशीचं वावर दरसाल मोकळं होते, मालकाले आत पाय टाकता येते. हे गवत वरसानुवरस उठत नाही, बाप्पा! वावर गेलं समज. तुले कटकट नसन पाह्यजे तं मले इकून टाक, पण तिच्या घशात घालू नको."

दामिनी नवऱ्याचं घर सोडून आली, बापाच्या घरात राहिली. राहो बापडी, एवढं किशोरनं चालवून घेतलं होतं. पण बाप गेल्यावर तिनं वावरावरचा हक्क सोडायला साफ नकार दिला, आणि वर आता हे! त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता. पातूरला ट्रॅक्टर ठरवून तो तडक नाल्यावर आला. बाप गेल्यापासून इकडे फिरकला नव्हता. दोन वावरांमधल्या धुऱ्यावरची खुणेची बाभूळ कोणी तोडली होती, पण नाला तोच होता. एक वावर बोडकं, त्याच्या बाजूचं हिरवंगार. त्यात कोणाला काय विचारायचं?

अर्धं वावर उलथलं तेव्हा दामिनी डेअरीवर दूध घालून रिकाम्या कॅन घेऊन आली. ती धावतच धुऱ्यावर चढली.

"दादा, काय करून राहिला हे? थांब! माहं ऐक तं सही!"

"आता माती चार तुह्या म्हशीयले!"

"अरे पण हे वावर..."

"बापाचं हाये! तू मले माह्या बापाचं वावर दाखवून राहिली? पोरीच्या जातीनं लायकीत राहावं!"

दामिनीनं कॅन खाली ठेवल्या आणि धुऱ्यावर बसली. रागानं तिची कानशिलं लाल झाली होती, पण ती हलली नाही.

गोपालनं शेवटचं तास मारलं. गवताची ठोंबं मुळासकट उलटी पडली. किशोरनं बुटानं एक ठोंब लाथाडलं आणि घाम पुसला.

"आता म्हण, वावर माहं हाये म्हून!"

"झालं समाधान?" दामिनीनं विचारलं.

"झालं."

"मंग ऐक. आपलं वावर ते बाजूचं, बोडकं. त्यातलं गवत म्या कालच कापलं." ती उठली, लुगड्याची माती झटकली. "आता देवानंदकाकाले फोन लाव, अन् सांग त्याचं गवत कोणं उपटलं ते."