मीठं पाणी

मोहना फाटकाशी आली तेव्हा तिच्या हातात कढीपत्त्याच्या दोन डहाळ्या होत्या. एकीच्या पानांच्या कडा करपल्या होत्या. ते पाहून नलिनीला इतका आनंद झाला की तो लपवायला तिला खाली वाकून उगाचच झारी उचलावी लागली.

"काकू, बघा ना. एप्रिल लागला आणि झाड असं व्हायला लागलंय."

"अरेरे," नलिनी म्हणाली, अगदी मनापासून म्हटल्यासारखं.

बडोद्यातल्या सुभानपुऱ्याच्या या गल्लीत कढीपत्ता म्हणजे नलिनीचं दार, हे मागच्या वर्षीपर्यंत कुणाला सांगावं लागत नव्हतं. मग नाशिकहून ही मोहना समोरच्या घरात भाड्याने आली. पादरा गावाच्या रस्त्यावरच्या नर्सरीतून तिने एक रोप आणलं आणि ते बघता बघता कमरेएवढं झालं. शेजारच्या निरुपमाताई इतकी वर्षं नलिनीची पानं न विचारता तोडायच्या. त्या आता नलिनीच्या फाटकावरून सरळ पुढे जात. न विचारता तोडायच्या याचा नलिनीला राग होताच, येत नाहीत याचा जास्त होता. पण खरं लागलं होतं ते घरातच. परवा कढीचा भुरका मारून तिचे यजमान अविनाशराव म्हणाले, "आज काय घातलंस गं? अशी कढी फक्त आईच्या हातची खाल्ली होती." त्या दिवशीचा कढीपत्ता मोहनाने दिलेला होता.

"दुपारच्या उन्हातून कुंडी काढ," नलिनी म्हणाली. "मातीवर सुका पाला पसर, ओल टिकते. शेंडे खुडत जा. आणि आंबट ताक, पण भरपूर पाण्यात कालवून."

"ते सगळं करते मी, काकू. तुमचंच बघून शिकले."

हे ऐकून नलिनी जरा विरघळली. खरी गोष्ट तिच्या तोंडून आपसूक निघाली.

"मग मीठं पाणी घाल. मीठ्या लीमड्याला मीठं पाणीच पाहिजे."

सगळा जन्म बडोद्यात गेलेल्या बाईने ते बडोद्याच्या गुजराती मिसळलेल्या मराठीत म्हटलं होतं. मीठो लीमडो म्हणजे कढीपत्ता. मीठं पाणी म्हणजे गोडं पाणी, सकाळी नळाला येतं ते. उन्हाळ्यात सोसायटीच्या टाकीत बोअरचं खारं पाणी चढतं आणि ते कढीपत्त्याला सोसत नाही. नलिनी रोज सकाळी झाडासाठी नळाचं पाणी बादलीत भरून ठेवायची. मोहनाला एवढं एकच ठाऊक नव्हतं.

"मिठाचं पाणी?" मोहनाचे डोळे मोठे झाले. "अय्या, म्हणून याला इथे मीठो लीमडो म्हणतात होय. एका व्हिडिओत बाई सॉल्ट घाला म्हणत होती, मला खोटंच वाटलं."

नलिनीला हसू आलं. नाही गं वेडे, एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात झोपाळ्यावरून अविनाशराव म्हणाले, "मोहना, झाडाला जप हो. आमची कढी आता तुझ्याच भरवशावर."

नलिनीचं हसू तिथेच राहिलं.

"मग मीठ किती घालू, काकू?"

"अंदाजाने," नलिनी म्हणाली.

मोहनाने दुसरी डहाळी पुढे केली. "ही तेवढी धड निघाली. तुमच्यासाठीच आणली."

संध्याकाळी नलिनीने कढी केली. आपण खोटं काही बोललो नाही, हे ती स्वतःला सांगत होती. मीठ हा शब्द आपण काढलाच नाही, तिनेच काढला. माणसाने विचारून घ्यावं नीट. तुपात जिरं तडतडलं, मोहनाची पानं पडली आणि घरभर असा वास सुटला की नलिनीचा जीव पुन्हा जळला. जळो मेला तो वास. कढी वाटीत ओतून तिने अविनाशरावांपुढे ठेवली आणि पाठ फिरवून खिडकीशी उभी राहिली.

खिडकीतून मोहनाचा ओटा दिसत होता. दिवा लागलेला होता. मोहना एका हातात पाण्याचा मग आणि दुसऱ्या हातात मिठाची बरणी घेऊन बाहेर आली. कुंडीजवळ बसून तिने बरणीतून शिगोशीग चमचा काढला आणि थबकली. इकडे तिकडे पाहिलं. नलिनी दिसताच तिचा चेहरा खुलला. तिने चमचा उंच धरला आणि मानेनेच विचारलं, एवढं पुरे?

नलिनीची मान हलायला लागली होती. हो, अशी. ते तिचं तिलाच कळलं आणि तिला स्वतःची भीती वाटली. या पोरीने आपल्याला काय केलं होतं? झाड वाढवलं होतं, तेही आपलं बघून.

तिने खिडकीचे गज धरले आणि जीव खाऊन ओरडली, "मीठ घालायचं नाही."

त्याच वेळी सोसायटीची पाण्याची मोटर सुरू झाली होती. तिची घरघर गल्ली भरून होती. पलीकडे मोहनाला फक्त काकूंचं हलणारं तोंड दिसलं. ती गोड हसली, चमचा मगात रिकामा केला, पाणी ढवळलं आणि ते कुंडीत ओतू लागली.

नलिनीच्या मागे अविनाशरावांचा हात वाटीवर तसाच थांबला. आजची कढी अगदी अळणी होती, आणि त्यांच्या चिमटीत मीठ होतं.

"बरं बाई," ते म्हणाले, "नाही घालत."