तीस तिरकी भोकं

तीस भोकं. सगळी वरच्या अंगाला.

पाचवी फळी खाली ठेवून नवरा दोन पावलं मागे सरकला. गॅलरीत पाच फळ्या ओळीनं पहुडल्या होत्या. प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना तीन-तीन तिरकी भोकं, जिगच्या साच्यात धरून पाडलेली, एकसारखी, देखणी. आणि साफ चुकीच्या बाजूला. ही भोकं फळीच्या पोटाला हवीत. तिथून तिरका स्क्रू बाजूच्या उभ्या फळीत शिरतो आणि वरून बघणाऱ्याला काही कळत नाही.

"बाबा, मांडणी करतोयस की चाळणी?" कन्येनं दारातूनच विचारलं.

"अभ्यास झाला?"

"विषय बदलू नकोस."

फळ्या उलटून लावाव्यात, तर तेही नाही. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून पाण्याचा पाईप जातो. त्याच्यासाठी प्रत्येक फळीला मागे, डाव्या हाताला खाच कापलेली. फळी उलटली की खाच उजवीकडे. पाईप काही तिच्यामागून चालत येणार नाही.

आता थोडं मागे. फार नाही, सात घरं.

नोकरी बदलीची. दर दोन-अडीच वर्षांनी नवं गाव. म्हणून या घरातलं सगळं फर्निचर नुसत्या स्क्रूवर उभं: पलंग, टेबल, चपलांचं कपाट. गोंदाचा थेंब नाही. इतर लोक स्क्रू पिळून झाल्यावर भोकांत गोंद घालतात, वर लाकडी बुचं ठोकतात, घासून गुळगुळीत करतात. मग ते सात जन्म उघडत नाही. यांना सात जन्म नको होते, अडीच वर्षं पुरत. ट्रक दाराशी लागला की स्क्रू काढायचे, फळ्यांवर नंबर टाकायचे, गठ्ठे बांधायचे. बांधायची बायको. कधी कुरकुर नाही. "कसं आहे गाव?" एवढंच विचारायची आणि रद्दी पेपर गोळा करायला लागायची.

कामाची वाटणीही पहिल्या घरापासूनची. मापं आणि खुणा तिच्या, ड्रिल त्याचं. जिथे तिची पेन्सिलीची फुली, तिथे भोक. तो फक्त फुली बघायचा. फळी बघायची त्याला गरजच पडली नव्हती.

(इथे लिहायला हवं, की या गावात एक गडबड झाली.)

बायको ड्रायव्हिंग शिकवायला लागली. आधी शेजारणीला, मग शेजारणीच्या नणंदेला, मग रीतसर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये. आता ती बाजारात निघाली की गाड्यांमधून बायका हात करतात. मध्येच करकचून ब्रेक मारून करतात, पण करतात. आधीच्या सहा गावांत ती साहेबांची मिसेस होती. इथे भाजीवाला त्याला विचारतो, "तुम्ही मॅडमचे मिस्टर ना?"

आणि मंगळवारी पत्र आलं. बढती. आठवं गाव. होय की नाही ते सोमवारपर्यंत कळवा.

त्यानं ते ड्रिलच्या पेटीत, अगदी तळाला सरकवलं. सांगितलं तर ती काय म्हणेल, हे त्याला पाठ होतं. "कसं आहे गाव?" तेवढंच त्याला ऐकायचं नव्हतं.

आज रविवार.

"काय झालं?" बायको क्लास संपवून आली. गाडीची किल्ली बोटात फिरत होती.

"तुझ्या खुणा चुकल्या. सगळ्या."

तिनं फळ्यांकडे बघितलं. कपाळाला हात वगैरे लावला नाही. "मग बुजव की."

"वरून स्क्रू पिळून बुजवली तर मांडणी परत सुटणार नाही. कधीच."

"हं," ती म्हणाली आणि हात धुवायला आत गेली.

तसा मार्ग होता. वरची भोकं रिकामीच बुजवून टाकायची आणि खालच्या अंगाला, जरा सरकून, नवी तीस पाडायची. तासाभराचं काम. मांडणी सुटी ती सुटीच राहिली असती, ट्रकमध्ये चढायला मोकळी. खुणा काय, एक दिवस तोही करू शकला असता.

त्यानं कानामागची पेन्सिल काढली. पहिली फळी उलटी केली.

पोटाला फुली होती.

खोडलेली. रबरानं नीट घासून खोडलेली. पण लाकूड मऊ होतं, आणि पेन्सिल दाबून धरायची तिची जुनी सवय. त्यानं बोट फिरवलं. दोन बारीक चऱ्या, एकमेकींना छेदणाऱ्या, जिथे हव्यात बरोब्बर तिथे.

दुसरी फळी. तिथेही. तिसरी. चौथी त्यानं जरा सावकाश उलटली. पाचवी उलटलीच नाही.

तो फळ्यांशेजारी मांडी घालून बसला. सात घरं, तीन पलंग, कपाटं किती ते आठवेना. फुल्या शेकड्यांनी. त्यातली चुकलेली एक आठवतेय का, बघत बसला.

"बाबा, हसतोयस कशाला? वाट लागलीय ना?" कन्या अजून दारातच होती.

"लागलीय खरी."

पेन्सिल परत कानामागे गेली. त्यानं स्वयंपाकघराकडे तोंड करून आवाज चढवला.

"ऐकलंस का? दुकान बंद व्हायच्या आत गोंद आणायला लागेल!"

आतला नळ बंद झाला.

"आणलाय. ड्रिलच्या पेटीत बघ. तुझ्या त्या पत्राच्या खाली."