कणीस आणि पाच ठिपके

“हे खालचे पाच ठिपके कशाचे?” ब्लॉकच्या विकास अधिकारी साहेबांनी चष्मा कपाळावर सारून विचारलं. “पंचवार्षिक योजना का?”

व्हय म्हणाली असती, तर वनमालाचं चित्र तिथंच मंजूर झालं असतं. मागं उभ्या असलेल्या बब्रुवाननं तेवढ्यासाठी तिला कोपरानं ढोसलंही. पण वनमाला मॅट्रिकच्या वर्गात होती. साहेबांच्या सोयीचं बोलायचं वय अजून यायचं होतं.

“न्हाय साहेब,” ती म्हणाली. “ते आम्ही पाच जण.”

साहेबांनी चष्मा खाली घेतला. तिसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या जागी पाच पोरं निघाल्यावर त्यांचा चित्रातला रस संपला.

चित्र साधं होतं. दाण्यांच्या भारानं वाकलेलं ज्वारीचं एक कणीस, त्याखाली ओळीनं पाच ठिपके, आणि बाकी सगळा कागद कोरा. भूमच्या शाळेतल्या या पाच जणांनी बियाण्यांचं प्रदर्शन भरवायचं मनावर घेतलं होतं. चार महिने गावोगाव हिंडून त्यांनी घराघरांतलं जुनं बी गोळा केलं होतं. कणीस ही त्या प्रदर्शनाची निशाणी. गेल्या बाजारी त्यांनी हातानं काढलेले चाळीस कागद, कुणालाही न विचारता, गावभर भिंतींवर डकवले होते. म्हणून आज कमिटी बसली होती. निशाणी पास झाली, तर आयुब पेंटर ती फाटकावरच्या मोठ्या कापडावर रंगवणार होता. नापास झाली, तर चाळीस कागद खरवडून काढायचे होते, आणि ते या पाच जणांनीच.

कमिटीत माणसं तीन होती, त्यामुळं मतं सहा-सात तरी होती. हेडमास्तर नारायणरावांना कोरा कागद खपत नसे. उत्तरपत्रिकेतल्या मोकळ्या जागेवरही ते तांबडी रेघ मारून ठेवत.

“एवढी जागा मोकळी का सोडली?” ते म्हणाले. “इथं एक पुस्तक बसतंय. वर दिवा घेता येईल.”

साहेबांनी धरण सुचवलं. कापड देणारे व्यापारी महालिंगप्पा यांना गाय पाहिजे होती. कणीस आहे म्हटल्यावर ते खाणारं कुणीतरी नको का, असं त्यांचं म्हणणं. मग साहेबांना ट्रॅक्टर आठवला. आसपासच्या गावांत तो अजून कुणी पाहिला नव्हता, पण चित्रात यायला त्याला रस्ता लागत नव्हता.

दाराशी रंगाचा डबा घेऊन उकिडवा बसलेला आयुब पेंटर बोटांवर मोजत होता.

“आन् कणीस, साहेब?” त्यानं विचारलं.

“घ्या कोपऱ्यात. जागा उरली तर.”

“ठिपके?”

“ते काढून टाका,” ठराव लिहून घेत नारायणराव म्हणाले. “शाळेचं प्रदर्शन आहे, पाच पोरांची जाहिरात नाही.”

वनमाला खाली बघून पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिली. चाळीस कागदांवरचे दोनशे ठिपके तिनं स्वतः दिले होते, काडीला कापूस गुंडाळून.

तेवढ्यात दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली.

“ते बियान्याचं हितंच भरनार हाय न्हवं?”

बब्रुवाननं तिला ओळखलं. ही पाथरूडची शांताक्का. गेल्या बाजारी तो कागद डकवत असताना तिनं खळीचं भांडं धरलं होतं आणि त्या बदल्यात तासभर प्रश्न विचारले होते.

“अक्का, ते पुढल्या सोमवारी,” तो म्हणाला.

“आसूदे. जागा बघून ठेवली.”

नारायणरावांना नवल वाटलं. “बाई, तुम्हाला वाचता येतं?”

“न्हाय की.”

“मग शाळा कशी सापडली?”

शांताक्कानं पदर मागं सारला आणि डावा हात पुढं केला. मनगटाच्या वर, हिरवंगार, खपलीसुद्धा अजून नीट न गळलेलं, ज्वारीचं कणीस होतं. दाण्यांच्या भारानं वाकलेलं.

“बाजारात गोंदनारीन बसती तिला भितीवरचा कागद दावला. म्हनलं, ह्येच काढ. कागद हरवतो, हात कुठं जातोय? आज यष्टीतनं उतरले आन् हात दावत आले. ज्याला दावला त्यो म्हनला, ह्ये व्हय, शाळंत जा.”

महालिंगप्पा गाय विसरले. साहेब खुर्चीवरून उठून जवळ आले. नारायणराव मात्र झालेल्या ठरावाचे पक्के होते.

“पण आजी, ही निशाणी आम्ही आत्ताच बदलली.”

“बदला की,” शांताक्का म्हणाली. “माझी तेवढी पुसून द्या.”

त्याबद्दल कमिटीनं काही ठरवलं नव्हतं. साहेबांनी चष्मा पुन्हा कपाळावर सारला आणि हातावरच्या कणसाखालचे ठिपके सवयीनं मोजले.

“पण हे तर सहा आहेत.”

“पाच ह्या लेकरांचे. ह्यानंच सांगितलं,” तिनं बब्रुवानकडं हात केला. “सहावा म्या सांगून घेतला.” मग तिनं कनवटीची पुरचुंडी सोडून टेबलावर, बरोबर ठरावाच्या कागदावर ठेवली. आत मूठभर ज्वारी होती. “माझ्या सासूच्या हातचं बी हाय. मांडायला नको व्हय?”

आयुब पेंटरनं डब्याचं झाकण उघडलं. ठिपके किती काढू, असं त्यानं विचारलं, पण कमिटीला नाही. तो वनमालाकडं बघत होता.

वनमालानं नारायणरावांकडं पाहिलं. ते पुरचुंडीखालचा ठराव ओढून घेत होते, पण दाणे सांडू नयेत म्हणून फार हळू. तिचा अंगठा थांबला. मान वर झाली.

“सहा काढा, चाचा,” ती म्हणाली. “आन् पुढं जागा मोकळी ठेवा.”