हेस्टरची जागा

हेस्टरला मूठमाती देऊन सगळे व्हिटबी बंदरावरच्या पबच्या माडीवर जमले. इथंच ती, सायलस, मर्टल ही भावंडं नुसत्या गळ्यावर मैफली गाजवायची. “एक तरी होऊ द्या तिच्यासाठी,” पबवाल्यानं गळ घातली. दोघं उभी राहिली. मधे सवयीनं तिची जागा सुटली. हेस्टरच्या खालच्या सुराविना गाणं लंगडू लागलं. दुसऱ्या कडव्याला मर्टल थांबली. “नाही जमत रे दादा.” कोपऱ्यात हेस्टरची लेक टॅमसिन व्हायोलिन कवटाळून बसली होती. आईसमोर गायची तिची कधी छातीच झाली नव्हती. तिनं व्हायोलिन खाली ठेवलं, त्या जागेत जाऊन उभी राहिली आणि आईचा सूर धरला. सायलस नि मर्टलही तिच्यासोबत पुन्हा गाऊ लागली. गाणं संपल्यावर मर्टलमावशीनं तिचा कान पिळला. “कार्टे, किती रेंगाळतेस!” डोळे पुसत ती म्हणाली. “तुझ्या आईनंही आम्हाला जन्मभर, दर मैफलीला असंच ताटकळत ठेवलं.”