वाचकाची भेट

नळाला गढूळ पाणी येत होतं, पण पाणीपुरवठ्याच्या कंत्राटदार कंपनीच्या पानभर जाहिरातींमुळे वर्तमानपत्रं मूग गिळून गप्प होती. लिहीत होता तो फक्त बहीणभावाचा ब्लॉग. बहिणीला आपल्या घरी बोलावून भाऊ म्हणाला, "कंपनीचा माणूस काल पहिल्यांदाच भेटला. आपल्यालाही जाहिरात देतील. तेवढा सोमवारचा लेख थांबवायचा." बहिणीच्या मनात पाल चुकचुकली. तेवढ्यात वहिनीनं नितळ पाणी आणलं. बहिणीनं स्वयंपाकघरात डोकावलं. ओट्यावर त्याच कंपनीचा फिल्टर होता. "वहिनी, हा कधी घेतला?" "घेतोय कुठले? महिना झाला, ह्यांच्या कुणा वाचकानं भेट दिला." भावानं मान खाली घातली. "बाळ सारखं आजारी पडायचं गं." "सगळ्यांचीच पडतायत, दादा." तिनं फिल्टरचा फोटो काढून लेखावर लावला, खाली "हा आमच्याही घरात आहे" लिहिलं आणि सोमवारची वाट न बघता लेख प्रसिद्ध केला.