घोटीव कोबा

"घोटू का खराटा मारू?" मल्लेश गवंड्यानं विचारलं, आणि ओसरीच्या खांबाला टेकून उभी असलेली सत्यशीला एक पाऊल पुढं आली.

फाटकापासून ओसरीपर्यंत सकाळीच कोबा ओतून झाला होता. वर आलेलं पाणी विरलं होतं, सिमेंट आवळत आलं होतं. आता घटकाभरात काय तो निकाल लावायचा. एकदा वाळलं की देव आला तरी बदल होणार नव्हता. मल्लेशनं पायरीजवळ हात-हातभर जागेत दोन्ही नमुने करून दाखवले होते. एक वर सिमेंट भुरभुरून थापीनं घोटलेला, अगदी काच. दुसरा खराटा ओढलेला, बारीक रेघारेघांचा, खरबरीत.

"त्यात काय इचारायचं? घोट," तिचा नवरा अंगद म्हणाला. दारात नवी गाडी उभी करायची म्हणून तर त्यानं हा सगळा खटाटोप मांडला होता. "लोहा गावात त्या बसवंताच्या दारात कसं, तोंड दिसतंय तोंड! आपलं त्याच्याहून लख्ख पायजे."

"झाडायलाबी सोपं," बाजेवर बसलेल्या चांगुणाबाईंनी लेकाची री ओढली.

"पाणी पडलं की निसरडं होतंय, अम्मा," मल्लेश म्हणाला. तो देगलूरकडचा, कुणाही म्हातारीला अम्माच म्हणायचा.

"माणसाला बघून चालता येत न्हाई का?" अंगद हसला.

सत्यशीलाला हसू आलं नाही. मागच्या खेपेला ती बघूनच चालत होती की. न्हाणीतली गुळगुळीत फरशी, चौथा महिना, आणि गावभर पेढे वाटून झालेले. त्याच्या आधीचं तर न पडता-झडताच गेलं होतं, तेही चार घरी कळल्यावर. दवाखान्यातून आणताना सासूनं तिचा हात घट्ट धरला होता. "पुढच्या बारीला पाचवा सरल्याबिगर कुणाला सांगू नको. नवऱ्याला न्हाई, मलाबी न्हाई. बोललं की नजर लागती." आता ह्या खेपेचा दुसरा महिना सरत आला होता आणि सत्यशीलानं ब्रसुद्धा काढला नव्हता. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितं, आणि हिचं तर दोनदा पोळलेलं.

रोज दिवस उगवायच्या आत सडा टाकायचा, तो तिनंच. हातात भरलेली बादली, कमरेत वाकलेली, आणि मागं मागं सरकत जायचं. त्या काचेवरून आपण तसं सरकतोय, हे तिच्या डोळ्यांपुढं आलं.

"अहो, खरबरीतच बरं," ती म्हणाली. "गाडीचं चाक घसरायचं न्हाई."

"हे काय घाट हाय का, चाक घसरायला?"

"आत्यांचे गुडघे दुखतेत. त्यांचा पाय सटकला म्हंजे?"

"माझं नाव कशाला घेतीस गं?" चांगुणाबाई फणकारल्या. "मी कुठं अंगणात नाचून राहिले?"

सबबी संपल्या. खरं कारण तेवढं जिभेवर येऊन उभं राहिलं. सांगावं तर नजरेची भीती, न सांगावं तर ह्या अंगणाची. इकडं आड, तिकडं विहीर.

मल्लेश फळीवर गुडघे टेकून घोटायला बसला. थापी फिरेल तसं अंगण चकाकत चाललं. हातभर झालं, दोन हात झालं. अंगद कौतुकानं वाकून वाकून आपलं तोंड बघायला लागला.

सत्यशीलानं पायरीवरचा खराटा उचलला. भिंत धरून ती खाली उतरली, फळीवर आधी एक पाय चाचपून टेकवला, मग दुसरा ठेवला, आणि त्या चकाकत्या कोब्यावरून तिनं खराटा सरळ ओढला.

"अगं ए! येड लागलं का तुला?" अंगद ओरडला. मल्लेशची थापी हातातच राहिली.

ती थांबली नाही. तिला रडू येत होतं, पण हात चालू होता. कुणी हिसकून घ्यायच्या आत जेवढं होईल तेवढं तिला खरबरीत करायचं होतं.

चांगुणाबाई मात्र ओरडल्या नाहीत. सुनेचं ते चाचपत पाऊल टाकणं त्यांनी पाहिलं होतं. ती चाल त्यांनी ह्या घरात दोनदा पाहिली होती. त्या बाजेवरून उठल्या, लंगडत आल्या आणि त्यांनी खराट्याला हात घातला.

"आन हिकडं."

"आत्या, मला..."

"काई बोलू नको!" त्यांचा आवाज चिरकला. मग त्या हळू झाल्या. "बोलू नको, बाई. वाकूबी नको. जा, सावलीला बस."

पदर खोचून म्हातारी स्वतः फळीवर उतरली आणि खराटा ओढायला लागली.

"अम्मा, रेघा वाकड्या पडून राहिल्यात," मल्लेश भीत भीत म्हणाला.

"पडू दे."

अंगद कपाळाला हात लावून उभा होता. "माय, आत्ता तर तूच घोट म्हणीत होतीस!"

"आता नको म्हणते. आन् उद्यापासून सडाबी मीच टाकत जाईन."

"तू? तुला वाकता तरी येतंय का?"

"येतंय," चांगुणाबाई म्हणाल्या, आणि दातावर दात दाबून त्यांनी आणखी एक रेघ ओढली.